पूर्ण विझली

१२ जानेवारी, सोमवार
…त्या दिवशी सकाळी मी चुलीतली राख काढत होते, एवढं पक्कं आठवतं. आंघोळीचं पाणी तापवून झालं होतं. अंगण झाडून सडा टाकला होता. तुरीच्या शेंगा सोलायच्या पडल्या होत्या. राख टोपल्यात भरून उकिरड्याकडे निघाले तर हे मागून म्हणाले, "थांब." आणि टोपल्यात हात घातला, पार मनगटाच्या वरपर्यंत. रोजचंच होतं ते. राख कितीही थंड दिसो, हात घातल्याशिवाय फेकू द्यायचे नाहीत. "वरून थंडच असते. आत पाहा लागते." मग हात धुतले, भाकर बांधून घेतली, आठला ड्युटीवर गेले.

संध्याकाळी कधी आले, काय बोलले, जेवले का? काहीच आठवत नाही. सकाळ ताटात वाढून ठेवल्यासारखी समोर आहे आणि संध्याकाळ कोणी उचलून नेल्यासारखी.

आज हे लिहायचं कारण, अकोल्याहून कांताबाई आली होती. पुंडलिक चौकीदाराची बायको. त्या दिवशी स्टेशनामागची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, एकदा नाही, दोनदा पेटली. दुसऱ्यांदा पेटली तेव्हा पुंडलिक आत होता. आठ वर्षं झाली. जिनिंग तेव्हापासून बंदच आहे.

दुपारी तीनला अग्निशमन केंद्राच्या दारात येऊन उभी. मी फोनजवळ, ड्युटीवर.

"तुमी फायरवाल्या दादाच्या मंडळी ना जी?"

हो म्हटलं. बसा म्हटलं. बसली नाही.

"मले वाचता येत नाही. मनून जो येते तो काईबी सांगते. तुमच्या वहीत माह्या माणसाचं काय लिवलं, तेवढं पायून सांगा."

तिच्या मुलीला सासरी बोलतात. तुह्या बापानं बिडी फुकून जिनिंग जाळली, स्वतः मेला अन् शंभर माणसाचं काम घेऊन गेला. मुलगी आता माहेरी आली की परत जायला निघत नाही.

"माह्या माणसानं जिंदगीत बिडी नाही ओढली, बाई. तंबाखूचा खर्रा खाये. खर्ऱ्यानं कापूस पेटते काय?"

बाकावर बसलेली आमची फायरमन पोरं हसली.

जाताना फोनच्या वर लावलेल्या यांच्या फोटोकडे पाहून म्हणाली, "हे चांगले होते. दोन डाव आले आमच्या घरी, अकोल्याले. पाणी पेले, बसले, गेले. काईच नाही बोलले. पन आले. बाकी कोनीच नाही आलं."

हे अकोल्याला गेले होते? मला नाही माहीत.

१४ जाने.
वर्दी तीन. (फोन आला की त्याला आमच्यात वर्दी म्हणतात. हे गेल्यावर मी अनुकंपावर लागले तेव्हा हा शब्द आधीच तोंडात होता, घरात तोच बोलला जायचा.)

१) पाण्याच्या टाकीत साप. २) संक्रांतीच्या मांजात घुबड. ३) एक बाई: "लवकर या, आग लागली!" कुठे? "आमच्या घरामागं." घर कुठे? "अवं काकू, मी सुमन! तुमच्या खिडकीतून पाय ना!" पाहिलं. तिचा उकिरडा पेटला होता. पोरं चालतच गेली, बादली घेऊन.

जुनी रजिस्टरं कपाटात आहेत. किल्ली साहेबांकडे. साहेब मुंबईहून की नागपूरहून कुठून तरी नवीन आलेत, जपून बोलतात. किल्ली कशाला, विचारतील.

१६ जाने.
विचारलं नाही. दिली.

पान सापडलं. तिथेच उभ्याने वाचलं. उतरवून घेतलं, तसंच इथे लिहिते:

स. ९.४० जिनिंग, कापसाची गंजी. पूर्ण विझली. गाडी परत ११.२०.
स. ११.२० महिला विहिरीत पडल्याची वर्दी, गाडी रवाना. पोचण्याआधी लोकांनी काढली. जिवंत.
दु. १.०५ पुन्हा तीच जिनिंग. एक मयत. कारण: चौकीदाराची बिडी असावी.

खाली यांची सही. लपेटा मारलेली, लग्नाच्या पत्रिकेवर होती तशी.

११.२० ला परत आणि ११.२० लाच रवाना. स्टेशनामागून केंद्रावर यायला दहा मिनिटं, पाणी भरायला वीस. म्हणजे गाडी परत आलीच नाही. जिनिंगमधूनच परस्पर विहिरीकडे गेली.

हे मला चटकन कळलं कारण मीही तेच करते. आपल्याकडे चालू गाडी एकच. पहिली वर्दी रजिस्टरात बंद झाल्याशिवाय गाडी दुसरीला देता येत नाही. मग पोरं वायरलेसवर ओरडतात, "काकू, विझली लिहा!" आणि मी लिहिते. पूर्ण विझली. पाच वर्षांत किती वेळा लिहिलं असेल? मनानं लिहीत नाही, हातच लिहितो.

पण दिवसभराच्या पानावर सही संध्याकाळी होते, ड्युटी सुटताना. गाडीवरचा मुख्य माणूस वाचून सही करतो, तेव्हा ते हेच होते. म्हणजे यांनी पुंडलिक गेल्यानंतर ते वाचलं. पूर्ण विझली. आणि खाली सही केली.

की न वाचताच केली? थकले असतील. पण हे किराण्याची यादीही दोनदा वाचायचे.

१९ जाने.
यांचं खात्याचं जुनं पुस्तक काढलं. मी शाळेत चौथीपर्यंत. वाचायला खरं शिकले ते यांच्या डब्याला गुंडाळलेल्या पेपरांवर आणि मग या पुस्तकावर, कारण घरात दुसरं नव्हतं. कापसाचं प्रकरण मला जवळजवळ पाठ आहे. कापसाला वरून कितीही पाणी मारा, ते आत जात नाही. आग आत बसून राहते, धूर न करता, दोन-दोन दिवस. गंजी आकड्याने ओढून उघड्यावर पसरायची, हाताने चाचपायची, मगच विझली म्हणायचं.

गंजी उघडणे, असं हे म्हणायचे. "आज गंजी उघडता उघडता दिवस गेला." अंगभर सरकी आणि भिजल्या कापसाचा वास घेऊन यायचे.

राखेत हात घालणारा माणूस गंजी न उघडता निघून कसा गेला?

आणि मी काय शोधत आहे? कांताबाईने तिच्या माणसाचं विचारलं. मी माझ्या माणसाचं पाहत बसले.

२२ जाने.
नसीमभाईंकडे गेले. तेव्हाचे गाडीचे ड्रायव्हर, आता रिटायर. पुतण्याच्या टायरच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. चहा सांगितला. मी सरळ विचारलं.

मग म्हणाले, "भाभी, उस्ताद तर उतरायलेच तयार नव्हते गंजीवरून. म्हणे, तुमी जा, मी उघडतो. मीच म्हणलो, उस्ताद, तिकडं बाई विहिरीत हाय, तुमचा कापूस काई मरून नाही राहिला."

म्हणाले आणि हसले. हसता हसता चष्मा काढला.

"विहिरीवर गेलो त बाई बाजेवर बसून चहा पिऊन राहिली होती. लोकं म्हणे, आता आले का?"

मी घरी आले तेव्हा पायांत हलकं वाटत होतं. हे उतरत नव्हते. त्यांना ओढून नेलं. मग त्यांची चूक नाही. मग कोणाची? नसीमभाईंची? बाई विहिरीत आहे म्हटल्यावर कोण थांबेल?

२५ जाने., रविवार
नसीमभाई सकाळीच घरी आले. बसले नाहीत.

"भाभी, परवा मी चुकीचं सांगतलं. उस्तादच म्हणले, चला. मी कोण हुकूम देणारा? ड्रायव्हर मी. पन चांगल्या मनानं म्हणले. बस. ते सोडून द्या आता."

मी विचारलं, मग तेव्हा तसं का सांगितलं?

"तुमचा चेहरा पाहून."

आणि आज? आजही माझा चेहरा तोच होता. दोन्ही वेळा डोळ्यांत पाहून बोलले. कोणतं खरं? आज आपली पाठ सोडवायला आले की परवा मला बरं वाटावं म्हणून बोलले? मला दोन्ही खरी वाटतात आणि दोन्ही खोटी. डोकं चालेना म्हणून उरलेली तूर निवडली. पाच किलो. खडा निघाला एक.

२७ जाने.
पेटीच्या तळाला यांच्या खिशातल्या वह्या आहेत. छोट्या, रबर लावलेल्या. रोजच्या वर्दीच्या दोन-दोन ओळी लिहायचे. मी भजी बांधून आलेला कागदही वाचते, पण हे गेल्यापासून या सहा वर्षांत एकदा उघडल्या नाहीत. अक्षर बारीक आहे, चष्मा बदलल्यावर वाचू, असं स्वतःला सांगत आले. चष्मा दोनदा बदलला.

आज उघडल्या. त्या दिवसाचं पान:

"जिनिंग. गंजी उघडायची राहिली. विहिरीवर काम नव्हतं. पुंडलिक. सही केली."

एवढंच. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीचं, गाय नाल्यात.

कोण म्हणालं चला, ते नाही. राहिली. कोणी राहू दिली ते नाही.

पुंडलिकचं नुसतं नाव आहे. बिडी कुठेच नाही.

२८ जाने.
एक गोष्ट आज कळली आणि भांडी घासता घासता तिथेच बसले.

त्या हिवाळ्यात यांनी गादीवर झोपणं सोडलं. पाठ दुखते म्हणाले, खाली सतरंजीवर झोपतो. मरेपर्यंत, म्हणजे पुढची दोन वर्षं, सतरंजीवर. मी रोज पाठीला तेल लावायचे. मोहरीचं, लसूण टाकून. हे पालथे पडून गप लावून घ्यायचे.

गादी कापसाची.

पाठ दुखत नव्हती तर सांगायचं होतं. दोन वर्षं मी कशाला तेल लावत होते?

की दुखतच होती? माणसाची पाठ दुखतेही. आता मी सगळ्याच गोष्टीत कापूस पाहते आहे.

१ फेब्रु., रविवार
अमरावतीला अर्चनाकडे गेले. लेक बापाच्या जवळची, सगळं तिला माहीत असेल असं मला वाटत होतं. काहीच माहीत नव्हतं. वही दाखवली. तिने एकदाच वाचली आणि उलटी ठेवली.

"आई, तू काहून उकरून राहिली हे? बाबा गेले."

"पुंडलिकही गेला."

"त्या बाईले सांग, रजिस्टरात काई नाही. संपलं."

"रजिस्टरात आहे. बिडी आहे."

"मग तेच सांग!"

भात लागला. ती उठून गॅस बंद करायला गेली आणि तिथूनच बोलली, पाठ माझ्याकडे. "बाबांच्या जाग्यावर तुले नोकरी भेटली. त्याच खुर्चीवर बसून त्यांचं नाव खराब करशील? त्या बाईच्या डोक्यात आज बाबा चांगले आहेत. एकटे बाबाच. तेबी काढून घे तिच्यापासून. काय राहील मग तिच्याजवळ?"

मी वही उचलून पिशवीत ठेवली.

नातीने तिचं चित्र दाखवलं, लाल गाडी. आजी, यात पाणी किती मावते? सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

बसस्टँडवर सोडायला आली तेव्हा अर्चना म्हणाली, "करशील ते कर. पन मले सांगू नको."

४ फेब्रु.
स. १०.१० वर्दी. एका वाडीवर घरात साठवलेला कापूस पेटला. गाडी गेली. १०.५५ ला दुसरा फोन, बसस्टँडवर उभी जीप पेटली, आजूबाजूला माणसं. वायरलेसवर आपली पोरं: "काकू, वाडीवरची विझली लिहा, आम्ही निघून राहिलो."

मी पेन उचललं. विचारलं, "गंजी उघडली का?"

वायरलेसवर गाडी सुरू केल्याचा आवाज.

"आत हात घातला का कोणी?"

"काकू, जीप पेटली तिकडं! लिहा ना!"

जा म्हटलं. जायलाच पाहिजे होतं. आणि लिहिलं: वरून विझवली. गंजी उघडली नाही. गाडी दुसऱ्या वर्दीवर सोडली.

मग वाडीवरच्या माणसाला फोन लावला. म्हटलं, कापूस सगळा अंगणात ओढा, पसरवा, हाताने पाहा. तो वैतागला. "आता विझली ना बाई, तुमचीच माणसं सांगून गेली. आधी भिजवला, आता फेकून देऊ काय?" मी म्हटलं, हात घालून पाहा, नसेल तर मला शिव्या द्या.

दुपारी साहेबांनी रजिस्टर पाहिलं. "असं कोणी लिहितं का काकू? उद्या काही झालं तर आपल्याच गळ्यात येईल." मी फोन पुसत राहिले. "खोडा ते." म्हटलं, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, भिंतीवर तुमचीच पाटी आहे. साहेबांनी पाटी वाचली. मग आत गेले.

साडेचारला वाडीवरून फोन. आवाज उतरलेला.

"आत होती जी. पार तळाशी. हात पोळला माहा."

पोरं बाकावर होती. एकाने उठून पंखा लावला, उगीच. थंडी तर होतीच.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मनात एकच येत राहिलं: एवढंच करायचं होतं. एक फोन. त्या दिवशी या खुर्चीवर जो होता त्याने, यांनी, नसीमभाईंनी, कोणीही. पण तेव्हा जिनिंगमध्ये सांगायला होतं कोण? पुंडलिकच. त्याला कोणी सांगितलं असेल का, गंजीवर नजर ठेव? सांगितलं असेल म्हणूनच तो आत गेला असेल का?

हे आजवर मनात आलं नव्हतं. यायला नको होतं.

५ फेब्रु.
नसीमभाईंना विचारायला दुकानाच्या दारापर्यंत गेले. ते टायरात हवा भरत होते. "भाभी?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, इकडून चालले होते. परत आले.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि तीन दिवसांनी येऊन दुसरं सांगितलं असतं.

९ फेब्रु., सोमवार
शनिवारी आजच्या सुटीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, काय काम? म्हटलं, अकोल्याला जायचं आहे. दवाखाना का? नाही म्हटलं. पुढे विचारलं नाही.

घरी येऊन पिशवीत यांची वही ठेवली. मग काढली. रजिस्टरातलं उतरवलेलं पान ठेवलं, म्हटलं एवढंच नेऊ, तिने तेवढंच मागितलं. मग तेही काढलं, कारण त्यात बिडी आहे. यांच्या फोटोसमोर उभी राहिले. तुम्ही दोनदा गेलात, पाणी पिऊन परत आलात, आता मी काय करू ते सांगा. फोटो काय सांगणार. मला राग आला त्यांचा. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि राग आला तसे ते जवळ वाटले, घरातच असल्यासारखे, सतरंजीवर पालथे पडलेले.

अर्चनाचं बोलणं सारखं आठवत होतं. काय राहील मग तिच्याजवळ. मी मोजून पाहिलं. माझ्याजवळ काय राहील तेही.

आज सकाळी राख काढली, हात घालून पाहिली, फेकली. यांची वही पिशवीत घातली आणि सव्वासातच्या एसटीने अकोल्याला गेले. पत्ता विचारत घर सापडलं. मुलगी दारात कपडे वाळत घालत होती. कांताबाईने पाणी दिलं. मी प्यायले नाही. वही तिच्या हातात दिली. तिने उलटीसुलटी पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. मुलीला म्हणाली, कपडे राहू दे, इकडे ये. मग त्या दिवसाची ओळ मीच वाचून दाखवली. शेवटपर्यंत, 'सही केली' इथपर्यंत.